यमुनेच्या पैलतीरी लॅब्राडोरचे शिक्षण

दिल्लीत यमुनेचा पूल ओलांडून पूर्वतीरावर उतरले की मयूर विहार ही विस्तीर्ण वसाहत लागते. राजधानी पाहावयास आलेला प्रवासी फार तर अक्षरधामाचे दर्शन घेऊन परत वळतो. परंतु वाचकहो, हिवाळ्यात सवड काढून आपण येथून थोडे दक्षिणेस, ओखल्याच्या बंधाऱ्यापर्यंत अवश्य जावे. १९९० मध्ये अभयारण्य ठरलेल्या त्या जलाशयावर दूरदेशींची तलवार बदके निर्धास्तपणे विहरत असतात.

अशी बदके बंदुकीने टिपली जात, तेव्हा ती दलदलीतून उचलून आणण्यासाठीच लॅब्राडोर ही जात इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात नावारूपास आली. रिट्रीव्हर या शब्दाचा अर्थच मुळी तो. तिचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे सोबती; गार पाण्यात उड्या घेऊन जाळ्यांच्या दोऱ्या ओढून आणणारे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपले. त्या तीक्ष्ण नाकाला मात्र याहून मोलाचे काम मिळाले आहे.

ते काम पाहावयाचे तर मयूर विहारातून मेरठच्या दिशेने निघावे. वाटेवर गाझियाबादेस राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आठवी तुकडी आहे. (पाचवी आपल्या पुण्याजवळ, सुदुंबऱ्यास.) ढिगाऱ्याखाली गाडलेल्या जिवंत माणसाचा माग काढणारे लॅब्राडोर या दलात असतात.

या शिक्षणाचा आरंभ लपंडावाने होतो. एक माणूस कुत्र्याचे आवडते खेळणे घेऊन पळतो आणि दडून बसतो. कुत्र्याने त्याला हुडकून भुंकत राहावयाचे, की खेळणे मिळते. पुढे माणूस दिसेनासा होतो, फटीतून केवळ त्याचा वास येतो, वारा दिशा बदलतो, भोवती गोंगाट केला जातो. ढिगाऱ्यात सळयांना अडकू नये म्हणून गळपट्टाही काढून ठेवतात. कुत्रा एकटाच आत शिरतो. त्याचा हँडलर, म्हणजे त्याला हाताळणारा जवान, बाहेर उभा राहून केवळ हाताच्या खुणेने त्याला दिशा देतो.

आणि खरे कठीण शिक्षण या जवानाचेच! कुत्र्याला खेळण्याची आस असते, परंतु आपल्या माणसाच्या चेहऱ्यावरील आस त्याला त्याहूनही लवकर कळते. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अठरा जोड्यांची परीक्षा घेतली. शोधण्याजोगे काहीच ठेवलेले नसता, वस्तू लपविल्याचे हँडलरांना सांगितले होते. तरी कुत्र्याने खूण दिल्याचे त्यांनी दोनशेहून अधिक वेळा जाहीर केले. येथे अप्रामाणिकपणा कोणाचाच नव्हता. पण ढिगाऱ्यावर अशी एक चूक झाली, तर नको त्या जागी तासन् तास खणले जाते आणि दुसरीकडे कोणाचा तरी श्वास थांबतो. म्हणून जवानाने पाय घट्ट रोवून, चेहरा कोरा ठेवून उभे राहावयास शिकावे लागते. आपल्या कुत्र्यावर जीव असलेल्या माणसाला हे किती जड जात असेल, याची कल्पना आपणच करावी.

एवढ्यावरही भरवसा न ठेवता दुसरा कुत्रा आणतात. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर तुर्कस्तानातील नुरदाई या गावी आपले दल गेले, तेव्हा ज्युली नावाची लॅब्राडोर कुत्री एका कोसळलेल्या इमारतीत शिरून एके जागी भुंकू लागली. मग रोमिओला सोडले. त्यानेही तीच जागा दाखविली. खणल्यावर सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली.

सर्वत्र असे घडत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये रायगड जिल्ह्यातील इरसालवाडीवर दरड कोसळली; सत्तावीस मृतदेह हाती आले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबविणे भाग पडले. दिवसेंदिवस जिवंत कोणी सापडले नाही, तर कुत्र्याचाही उत्साह ओसरतो. तेव्हा कामानंतर पथकातील एखादा दमलेला जवान मुद्दाम दगडांआड जाऊन लपतो, आणि कुत्र्याला सोडतात. तो धावत जातो, भुंकतो, आणि त्याला त्याचे खेळणे मिळते.