घाटावरची फुरसत

वाईची संध्याकाळ घरात होत नाही. ती कृष्णेच्या घाटावर होते. ढोल्या गणपतीजवळच्या पायऱ्यांवर आजोबांच्या पिढीची मंडळी दिवेलागणीपर्यंत बसत. विश्वकोशाच्या कचेरीतून सुटलेले कोणी एखाद्या शब्दावरून वाद घालीत, कोणी पाण्यात पाय सोडून नुसते ऐकत. आम्ही मुले भेळेच्या पुड्यावर खूश असू. लहान गावांच्या निवांतपणाविषयी मराठीत जे स्मरणरम्य लेखन झाले, त्यातला बराचसा निवांतपणा अशाच पायऱ्यांवरचा आहे.

त्या वेळी आई आणि काकू कोठे असत, हा प्रश्न त्या लेखनात क्वचितच येतो. त्या चुलीपाशी असत. घाटावरच्या गप्पा रंगत, कारण परतल्यावर पान वाढलेले असे. बायकांच्या वाट्याला मोकळी संध्याकाळ येई ती कृष्णाबाईच्या उत्सवात. एकेका घाटावर पाळीपाळीने देवी बसे. कीर्तन, हळदीकुंकू, प्रसादाची पंगत. घरी चूल पेटली नाही तरी कोणी विचारीत नसे. देवीचे निमित्त होते, म्हणून काकू रात्री उशिरापर्यंत पायऱ्यांवर बसे आणि घरात कधी न ऐकवलेले विनोद मैत्रिणींना ऐकवी.

विश्रांतीला निमित्त कोणाला लागते आणि कोणाला लागत नाही, यावरून घरातली सत्ता कळते. गावातल्या सुखाविषयी लिहिताना आम्हांला आजोबांच्या वादांइतकेच काकूचे ते हसणेही नोंदवावेसे वाटते. आज एखादी गृहिणी उत्सव नसतानाही घाटावर रेंगाळताना दिसते, तेव्हा वाई आम्हांला पूर्वीहून अधिक निवांत वाटते.