घरचे रान

थंडीच्या रात्री गोधडी गळ्यापर्यंत ओढून घ्यावी आणि परक्या देशातल्या बर्फाविषयी वाचावे, यासारखे स्वस्त सुख दुसरे नाही. खिडकीबाहेर गल्लीतले कुत्रे भुंकत असते. पण पुस्तकात लांडगा रडत असतो, आणि आपल्याला त्या लांडग्याचेच ऐकू येते! रानावनाच्या, डोंगरदऱ्यांच्या पुस्तकांचा मी जुना गिऱ्हाईक आहे. मॅट्रिकपुढे मी शिकलो नाही. पुढचे शिक्षण ग्रंथालयाच्या कपाटांनी केले. जिम कॉर्बेटने मला कुमाऊंचे डोंगर हिंडवले आणि लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन बाईंनी प्रेअरी दाखवली. प्रेअरी म्हणजे क्षितिजापर्यंत नुसते गवत. मध्ये झाड नाही, घर नाही; वारा तेवढा आहे.

या लॉराबाई १८६७ साली विस्कॉन्सिनच्या जंगलात जन्मल्या. बालपण बैलगाडीसारख्या एका छप्परगाडीत, या गावाहून त्या गावाला जाण्यात गेले. १८६२ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने जाहीर केले होते की, १६० एकर जमीन घ्या, पाच वर्षे तिच्यावर राहून ती कसा, मग ती तुमची. माणसे निघाली. त्या गवतावर आधीपासून ओसेज लोक राहत होते, हे लॉराच्या वडिलांसारख्यांनी फारसे मनावर घेतले नाही. शेवटी त्यांनाही ते घर सोडून निघावे लागले. पण मला या पुस्तकांत आवडतो तो पराक्रम नव्हे. खिळे नसताना दार कसे बसवावे, हिवाळ्यासाठी मांस धुरावर कसे राखावे, पांढऱ्या लोण्याला गाजराचा रंग कसा द्यावा, असल्या गोष्टी बाई इतक्या नेटकेपणाने सांगतात की, वाटते उद्या वेळ आली तर आपणही संसार थाटू.

अशीच एक गोष्ट मी एकदा वर्गात सांगत होतो. मात्र ती मोगलीची. किपलिंगचे ‘जंगल बुक’ १८९४ साली निघाले. सिवनीचे डोंगर, लांडग्यांचा कळप आणि वैनगंगा नदी असे मी रंगात येऊन सांगत असताना मागच्या बाकावरचा पवनीकडचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, हे वैनगंगा म्हंजे आपलीच का जी?”

आपलीच! सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट-गोंदियाकडून वळून भंडाऱ्याला येते, तीच. जवाहरनगरात राहणाऱ्याला ती काही लांब नाही. वर्ग क्षणभर गप्प झाला. आमच्या या वसाहतीत दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे देशाच्या चहू बाजूंची मुले आहेत. पण त्या दिवशी सगळीच वैनगंगेची झाली. गंमत पाहा, किपलिंग सिवनीला कधी आलाच नव्हता. हे पुस्तक त्याने अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या बर्फात बसून लिहिले. मी गोधडीत बसून अमेरिकेचे बर्फ वाचतो आणि तो बर्फात बसून माझी नदी लिहितो! पण मग आम्ही नदीकाठची माणसे काय करीत होतो?

आम्ही तलाव बांधीत होतो.

भंडारा-गोंदियाच्या या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. नावातच रान आहे. चांद्याच्या गोंड राजांनी इथे एक रीत घातली होती: जो जंगल तोडून गाव वसवील, गाव त्याचे, जो तलाव बांधील, त्याला तलावाखालची जमीन. अमेरिकेच्या कायद्याआधी कितीतरी पिढ्यांची ही रीत. तिकडे जमीन मिळे ती पाच वर्षे टिकून राहिल्याबद्दल. इथे मिळे ती पाणी अडवल्याबद्दल. या बोलीवर कोहळी लोक पुढे सरसावले. राजाने त्यांना काशीहून आणले, असे सांगतात. दोन टेकड्यांमधली जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, पाणी साठवायचे आणि खाली धान लावायचे, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नवेगावबांधचा तो अफाट जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. तीन शतके होत आली, पाणी अजून तिथेच आहे.

या तलावांना आज ‘मामा तलाव’ म्हणतात. “कोणाचा मामा?” असे मुली विचारतात आणि हसतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि कागदावरच्या दोन अक्षरांनी त्यांना हे नाते चिकटवले. पण तलावाची खरी भाषा कागदावर नाही. पाणी सोडायचे तोंड ते तुडुम. जादा पाणी निघून जायची वाट ती सलंग. लहान तळे ती बोडी. पाणी ओसरल्यावर गाळात घेतलेले पीक ती गाळपेर. पाण्यात आपोआप उगवणारा भात तो देवधान. देवाने पेरला म्हणून देवाचा, आणि खायला पाखरांचा. माझ्या वर्गातल्या मुलांना ग्रिझली अस्वल ठाऊक आहे. तुडुम म्हटले की त्यांना ढोलाचा आवाज आठवतो.

हे रान मराठी पुस्तकात आले ते उशिरा. पण आले ते थोर हातांनी. व्यंकटेश माडगूळकर मूळचे माणदेशी, म्हणजे जिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो तिथले. ते इथे येऊन नागझिऱ्याच्या जंगलात राहिले, वही आणि चित्राची पेन्सिल घेऊन. त्यातून ‘नागझिरा’ हे पुस्तक झाले. त्यांच्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्या सत्तेसाठी झुंजतात, त्या कादंबरीला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुसरे मारुती चितमपल्ली. सोलापूरचा हा माणूस वनखात्याच्या नोकरीत नवेगाव-नागझिऱ्याला आला आणि इथल्या पाखरांचाच झाला. ढीवर, गोंड, कोहळी यांच्या तोंडची नावे त्यांनी टिपून घेतली. जिथे शब्द नव्हता तिथे घडवला: कावळ्यांच्या वस्तीला काकागार, बगळ्यांच्या वस्तीला सारंगागार. २००६ साली सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते गेले. १९७० साली अभयारण्य झालेले नागझिरा आणि १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले नवेगाव २०१३ पासून एका व्याघ्रप्रकल्पात आहेत. आज तिथे जाणारा मराठी माणूस अर्धे रान चितमपल्लींच्या डोळ्यांनी पाहतो.

एवढे असून एक पुस्तक मात्र अजून लिहिलेले नाही. वाघाचे झाले, वानराचे झाले, पाखरांचे झाले. झाडी तोडून ज्यांनी पहिली चूल पेटवली, त्या घराचे झाले नाही. पाळ फुटायला आली त्या रात्री गाव काय करीत होते? मोहफुले वेचायला पहाटे निघालेल्या बाया अस्वलाच्या भीतीने कोणती गाणी म्हणत? हे लॉराबाईंसारखे कोणी सांगितले नाही.

माझी आत्या साकोलीकडच्या एका तलावाच्या गावात दिली आहे. तिला यातले बरेच ठाऊक आहे. गेली दोन वर्षे सुटी लागली की मी वही घेऊन तिच्याकडे जातो. ती सुपात तांदूळ घेऊन बसते, मी समोर. मधूनच थांबून मला म्हणते, “हे का पुस्तकात लिवाची गोष्ट होय का गा?” मी होय म्हणतो. ती हसते आणि पुढे सांगू लागते. अलीकडे तिच्या बोलण्यातले दुवे निसटतात. सासऱ्याची गोष्ट मुलाच्या नावाने सांगते, एका पावसाळ्यात दुसरा मिसळते. मी मध्ये बोलत नाही, तसेच लिहून घेतो. निवडायचे काम मला पुढे करता येईल. सांगायचे काम पुढे होणार नाही.

दिवाळीत घर भरलेले असते. नवे धान घरात येऊ लागलेले, तलाव काठोकाठ, आणि हिमालय ओलांडून कादंब हंस याच सुमारास आमच्याकडे उतरू लागतात. फराळाच्या ताटाशी एखादी आजी, एखादी मावशी बसलेली असेलच. लॉराबाईंचे पहिले पुस्तक १९३२ साली निघाले तेव्हा त्यांचे वय पासष्ट होते. म्हणजे तुमच्या आजीला उशीर झालेला नाही. तिला लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा. चकली जरा बाजूला ठेवा आणि तिला एवढेच विचारा: आजी, तुझ्या लहानपणी रान घरापासून किती लांब होते?