दीडशे यार्डांच्या पुढे

पेनसिल्व्हेनियात आपाच्या घरी पोहोचलो, त्याच रात्री भाचा म्हणाला, "मामू, सोमवारी शाळेला सुट्टी आहे. हरणांची सुट्टी!" मला वाटले, पोरगा चेष्टा करतोय. पण खरेच होते. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी तिथल्या ग्रामीण भागातल्या अनेक शाळा बंद असतात, कारण रायफलने हरणे मारण्याचा हंगाम वर्षानुवर्षे त्याच दिवशी सुरू होत असे. 2019 पासून तो शनिवारी सुरू होतो, पण सुट्टी पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार म्हणजे तुरुंग. तिथे पांढऱ्या शेपटीची हरणे इतकी वाढली आहेत की बागा खातात, रस्त्यावर गाड्यांना धडकतात. एका राज्यात वर्षाला चार लाखांच्या वर हरणे परवान्याने मारली जातात. त्यासाठी अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, मगच परवाना मिळतो. दुल्हाभाईंनी तो दहा वर्षांपूर्वी घेतला.

आपाचे घर रानाच्या कडेला. हंगाम सुरू झाला की ती मुलांना अंगणातसुद्धा नारिंगी टोपी घालायला लावते. पहिल्या दिवशी मला हे जरा अतिच वाटले. मग तिने मेन राज्यातली गोष्ट सांगितली. 1988 च्या नोव्हेंबरात तिथे जुळ्या मुलींची एक तरुण आई आपल्याच परसात उभी होती. हातात पांढरे हातमोजे. शिकाऱ्याला पांढरी शेपटी दिसल्यासारखे वाटले. बाई जागीच गेली. ज्यूरीने शिकाऱ्याला निर्दोष सोडले आणि त्यावर एवढा वाद झाला की 1991 मध्ये मेनमध्ये नेम धरण्यापूर्वी सावज नीट ओळखण्याचा वेगळा कायदाच आला. आपा म्हणाली, "टोपीला काय पैसे पडतात?"

शनिवारी फज्रची नमाज पढून आम्ही निघालो. मी फक्त सोबत. बंदुकीला हात लावायचा नाही, हाकाही द्यायचा नाही. डोक्यावर, छातीवर, पाठीवर भडक नारिंगी. दुल्हाभाई बंदूक भरण्याआधी बिस्मिल्लाह म्हणतात आणि चाप ओढतानाही म्हणतात. कमरेला धारदार सुरी असते, जनावर जिवंत सापडले तर जिबह करायला. (बंदुकीच्या शिकारीच्या हलाल-हरामबाबत उलमांत मतभेद आहेत. तो मसला आपल्या आलिमांनाच विचारावा, मास्तरला नव्हे.)

वाटेत त्यांनी अंतर मोजायचे दुर्बिणीसारखे यंत्र माझ्या हातात दिले. "मास्तर, ते घर किती लांब?" मी म्हणालो, दोनशे मीटर. यंत्राने तीनशे चाळीस यार्ड दाखवले, म्हणजे तीनशे दहा मीटर. मध्ये मोकळे शेत होते, त्यावर कोवळे ऊन. अशा वेळी लांबचे जवळ वाटते आणि संधिप्रकाशात जवळचे लांब. डोळ्यावर भरवसा ठेवू नये, हा पहिला धडा.

पेनसिल्व्हेनियाचा कायदा सांगतो की राहत्या घरापासून दीडशे यार्डांच्या आत, घरातल्यांच्या परवानगीशिवाय बंदुकीने शिकार करायची नाही. धनुष्यबाणाला पन्नास यार्ड पुरतात. दीडशे यार्ड म्हणजे 137 मीटर. क्रिकेटच्या जवळजवळ सात खेळपट्ट्या एकापुढे एक. ऐकायला पुष्कळ वाटते. पण दुल्हाभाईंच्या रायफलची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या वर वेगाने सुटते. सात खेळपट्ट्या ती सेकंदाच्या सहाव्या हिश्शात संपवते. वरच्या कोनात सुटली तर चार किलोमीटरपर्यंतही जाऊ शकते. शॉटगन त्यापेक्षा निर्धोक असे तिथेही पुष्कळ लोक मानतात. 2007 मध्ये विधिमंडळाच्या समितीसाठी झालेल्या अभ्यासात मात्र निघाले की आडव्या बाराची शॉटगनची गोळी जमिनीवर आपटून उसळते, तो हिशोब धरला तर ती कमी धोक्याची म्हणता येत नाही.

मग सुरक्षित अंतर ठरवायचे कसे? दुल्हाभाई म्हणाले, "हरीण किती लांब ते नंतर. आधी हरणाच्या मागे काय आहे ते बघायचं." आमचे मचाण पाच मीटर उंच होते. मी दहावीला समरूप त्रिकोण शिकवतो. वर बसून मनातच आकडे मांडले. चाळीस मीटरवरच्या हरणाला गोळी आरपार गेली, तर ती मागे सात-आठ मीटरवर जमिनीत रुतते. हरीण शंभर मीटरवर असेल तर वीसेक मीटर मागे. गोळी जिरवायला माती हवी, आणि ती मऊ हवी. गोठलेली जमीन, खडक, पाणी यांवरून गोळी पुन्हा उसळते.

नऊच्या सुमाराला नर आला. शिंगे अशी की मी श्वास रोखला. साठ मीटर, आडवा उभा, पुढे एक फांदीसुद्धा नाही. पण तो आमच्याहून उंच, टेकडीच्या माथ्यावर होता. मागे फक्त आकाश. दुल्हाभाईंनी रायफल उचललीच नाही. मी कुजबुजलो, "मारा ना!" ते नुसते मान हलवत राहिले. नर दोन मिनिटे तिथेच चरला आणि पलीकडे उतरला.

मला खरे सांगायचे तर राग आला. एवढी थंडी, एवढी पहाट, आणि हातचे सावज सोडले! खाली उतरलो तसे ते म्हणाले, "चला, दाखवतो." माथ्यावर चढलो. पलीकडच्या उतारावर झाडीत एक नवे घर होते, मागच्या हंगामात नव्हते. अंगणात लाकडी झोपाळा, झोपाळ्यावर गुलाबी कोटातली मुलगी. यंत्र लावले: दोनशे सत्तर यार्ड. दीडशेच्या कितीतरी बाहेर. बार काढला असता तर कायद्याने कोणी बोट दाखवले नसते.

मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, कोणाला इजा होऊ नये, अशी नबी करीम (स.) यांची ताकीद बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. वर्गात मी ती कितीदा तरी सांगितली असेन. माथ्यावरून खाली येताना दुल्हाभाईंच्या मागे चालत होतो. त्यांनी गोळ्या काढून खिशात टाकल्या होत्या आणि नळी जमिनीकडे होती. मला काही बोलवेना.

त्या दिवशी हरीण मिळाले नाही. संध्याकाळी दुल्हाभाई त्या नव्या घरी जाऊन ओळख करून आले, आपले मचाण कुठे आहे ते सांगून आले. मुलगी सहा वर्षांची. पुढच्या शनिवारी तिच्याही डोक्यावर नारिंगी टोपी दिसली, आपाने पाठवलेली.

कोकणात आमच्या चुलतभावाकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आणि ठासणीची जुनी बंदूक आहे. डुकरे भात उलथतात म्हणून तो रात्री माचावर बसतो आणि भीती घालायला बार काढतो. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा त्याला घेऊन माचापासून मोहल्ल्याकडे पावले मोजली. मदरशाची मागची भिंत दोनशे बारा पावलांवर निघाली, मध्ये एक बांधही नाही. तो म्हणाला, "मी कधी त्या बाजूला बार काढत नाही, भाईजान." मी विचारले, "आणि डुक्कर त्या बाजूला पळालं तर?" त्याने बराच वेळ उत्तर दिले नाही. पावसाळ्यापूर्वी माच उचलून ओढ्याच्या काठावर नेला, बंदुकीचे तोंड डोंगराकडे राहील असा.