बर्फातले हात

राणीच्या बागेतले पेंग्विन काचेतून बघताना प्रत्येकजण म्हणतो, बिचारे, मुंबईत कसे राहत असतील! 2016 साली सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्याला आले. पण ही जात पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरची, तिला बर्फ लागतच नाही. चोचीजवळची ती गुलाबी, पिसं नसलेली कातडी म्हणजे अंगातली उष्णता बाहेर टाकायची जागा. खऱ्या थंडीचा गडी अंटार्क्टिकातला एम्परर. बाहेर पारा उणे 40 पर्यंत उतरतो, तरी त्याचं अंग आतून 38 अंशांच्या आसपास.

कसं जमतं हे? दाट पिसं कौलांसारखी एकमेकांवर बसलेली, तळाशी मऊ लव, त्यात अडकलेली हवा, आणि खाली चरबीचा थर. पण पाय? ते तर उघडे, थेट बर्फावर.

इथे मला आमचा प्लांट आठवतो. मी तारापूर एमआयडीसीत ऑपरेटर आहे. हीट एक्स्चेंजरमध्ये गरम आणि थंड द्रव न मिसळता, शेजारून उलट दिशांनी वाहतात आणि गरमाची उष्णता थंडाला मिळते. पेंग्विनच्या पायातही तेच. खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देऊन टाकतं. पाय गोठणबिंदूच्या जेमतेम वर राहतात, पोट आणि काळीज गरम.

हे वाचलं आणि आईचे हात डोळ्यांसमोर आले. ती सातपाटीचं पापलेट बोईसरच्या बाजारात विकते. वीस वर्षं बर्फाच्या चुऱ्यात हात. थंडीत आपलंही शरीर बोटांकडचं रक्त कमी करतं, पण माणसाच्या बोटांना हे रोज सोसत नाही. आता तिची बोटं पांढरी पडतात, रात्री ठणकतात. डॉक्टर म्हणाले, बर्फ बंद करा. बहिणीच्या नर्सिंगचं एक वर्ष बाकी आहे आणि माझा पगार ठेकेदाराच्या हातात. रबरी मोजे आणून दिले, तर म्हणाली, "मोज्यातनं मासळी ताजी का शिळी, कळतं होय रे?"

एम्पररचे नर अंडं पायांवर घेऊन दोन महिने उपाशी उभे असतात, शेकडोंनी एकमेकांना चिकटून. त्या गर्दीत सारखी बारीक हालचाल चालू असते, पाऊलभर, पुन्हा पाऊलभर. कडेचे हळूहळू आत येतात, आतले कडेला जातात. वाऱ्याच्या तोंडाशी कायम एकच जण उभा नसतो.

आमच्या घरात होता.

म्हणून गेल्या महिन्यापासून सुट्टीच्या दिवशी बर्फाकडे मी बसतो. नाईट करून आलो तर त्या सकाळीही. रविवारी बहीण. आई मागे स्टुलावर बसून भाव सांगते आणि माझ्यावर ओरडते. कल्ले उचलून लाल आहेत का बघायला मी शिकलोय. माझे हात तासाभरात बधिर होतात.

आठवड्यातले चार दिवस अजून तिचेच आहेत. बहिणीला नोकरी लागली की तेही काढून घ्यायचेत.