सावित्रीचं पाणी

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्यासाठी 'रिव्हर' म्हणजे भूगोलाच्या नकाशातली निळी रेघ! खरी नदी भेटली पोलादपूरला, आजोळी. मे महिन्यात सावित्री इतकी शांत, की गुडघाभर पाण्यातून चालत पलीकडे जावं, डोहात मनसोक्त पोहावं. पण मामा आधी महाबळेश्वरच्या डोंगराकडे बघतो. "वर काळं झालं की लगेच बाहेर यायचं." नदी तिथूनच तर येते! खाली महाडला तर मगरी, तिथे पोहायचं नावच नको. याच नदीच्या पुरात २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल गेला, दोन एसटी बससह. मित्रांनो, 'कॅचमेंट एरिया' आपण सेमिस्टरपुरता पाठ करतो. मामाला तो रोजच्या जगण्यातून कळलाय. नदीत जरूर उतरा, पण आधी वर बघा!