बेत न्यूझीलंडचा, वेग आपला

फिरायला जायचे ठरले की माणसे सहसा नकाशा पुढे घेतात. आमच्या घरी प्रथम पुढे आला तो यजमानांच्या गोळ्यांचा तक्ता. त्यांना पार्किन्सनचा विकार जडून पाच वर्षे होत आली. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन आणि सायंकाळी सात अशी चार वेळा लेव्होडोपाची गोळी घ्यावी लागते. ती लांबली की हात थरथरतात, दाराच्या उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तारुण्यात सह्याद्रीतले बहुतेक गड पालथे घातलेल्या या माणसाची न्यूझीलंडचे डोंगर पाहण्याची इच्छा तीस वर्षांची जुनी. "आता नाही तर केव्हा?" असे ते म्हणाले, तेव्हा मुलाने विचारले, "बाबा, आणि तिथे काही झाले तर?" दोघांचेही म्हणणे खरे होते.

"काही झाले तर" हे शब्द मोघम ठेवले की भीती वाढत जाते. म्हणून मी मुलाला त्याची फोड करायला लावली. पडून हाड मोडले तर काय? न्यूझीलंडमध्ये अपघाताने झालेल्या दुखापतीच्या उपचारांना तेथील सरकारी अपघात योजना हातभार लावते, परदेशी प्रवाशांनाही. आजारपणाला मात्र ती लागू नाही. म्हणून प्रवासविमा घेताना पार्किन्सनचा उल्लेख स्पष्ट केला आणि जुना आजार ज्यात धरलेला आहे असाच विमा निवडला. हप्ता बराच वाढला. तो वाचवण्यासाठी आजार लपवणारे लोक मला ठाऊक आहेत. ऐन वेळी त्यांचा विमा निव्वळ कागद ठरतो.

गोळ्यांचा प्रश्न अधिक नाजूक होता. फेब्रुवारीत तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असते. आमच्या मज्जाविकारतज्ज्ञांनी वाटेत दर चार तासांचे अंतर राखायला आणि पोहोचल्यावर हळूहळू तेथील वेळेवर यायला सांगितले. प्रत्येकाची मात्रा वेगळी असते, तेव्हा हे आपापल्या डॉक्टरांनाच विचारावे. तीन महिन्यांपर्यंत पुरतील एवढी औषधे नेता येतात. ती मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हाताच्या पिशवीत ठेवायची. आम्ही निम्मी त्यांच्या पिशवीत आणि निम्मी माझ्या पिशवीत ठेवणार आहोत. प्रथिनयुक्त जेवणाने लेव्होडोपाचा परिणाम मंदावू शकतो. त्यामुळे विमानातले जेवण समोर येईल तेव्हा खायचे, ही सवय आम्हाला चालणार नाही.

हे जुळल्यावर नकाशा उघडला. या देशाची दोन मोठी बेटे: उत्तरेकडे ज्वालामुखी आणि उकळती कुंडे, दक्षिणेकडे हिमनद्या आणि ३७२४ मीटर उंचीचे आओराकी शिखर. प्रवासी कंपनीच्या दहा दिवसांच्या सहलीत दोन्ही बेटे होती आणि जवळजवळ रोज नवे हॉटेल. ते पत्रक मी बाजूला ठेवले. रोज सामान बांधणे हा आमच्या वयाचा विश्रांतीप्रवास नव्हे. उत्तर बेट आम्ही पूर्ण गाळले. रोटोरुआच्या गरम कुंडांचा मोह मला होता. परंतु गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, आणि पार्किन्सनमध्ये उठून उभे राहताना आधीच रक्तदाब घसरतो. बाहेरून नुसती कुंडे पाहायला आणखी एक विमान नको वाटले.

खरा वाद झाला तो क्वीन्सटाउनवरून. हे गाव साहसाचे माहेरघर. १९८८ मध्ये कावाराऊ पुलावरून, ४३ मीटर उंचीवरून, बंजी उड्यांचा व्यवसाय सुरू झाला तो येथेच. ती उडी मारायचा हट्ट यजमानांनी धरला नाही, एवढे नशीब! त्यांना हवी होती जेट बोट. पाणी मागे फेकून उथळ नदीत धावणारी ही बोट विल्यम हॅमिल्टन या न्यूझीलंडच्याच माणसाने १९५० च्या दशकात घडवली. यजमान यंत्र अभियंता, त्यामुळे हे त्यांना मला समजावूनही सांगायचे होते. पण ती बोट वेगात गरकन फिरते, आणि त्यांच्या मानेचे मणके झिजलेले. मी नको म्हटले. ते दोन दिवस फारसे बोलले नाहीत. आजारी माणसाला नाही म्हणणे सोपे असते, कारण शेवटचा शब्द सांभाळणाऱ्याचा होऊन बसतो. तो तसा होऊ नये, असे मला वाटत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच वाकातिपू सरोवरावरची 'अर्नस्लॉ' शोधून काढली. १९१२ सालची ही वाफेची बोट, आणि तिची इंजिने चालताना प्रवाशांना पाहता येतात. जेट बोट त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली. त्या ओळीवरची रेघ वाकडीतिकडी आहे.

मिलफर्ड साउंडचेही असेच. क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन येणारे पुष्कळ. पण बसमध्ये एका बाजूनेच चार-पाच तास जातात. आम्ही अलीकडच्या ते आनाऊ गावी दोन रात्री राहणार. तेथून अंतर सव्वाशे किलोमीटरहून कमी. तिथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाऊस आला की कड्यांवरून शेकडो तात्पुरते धबधबे सुटतात. आंबोली पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. डोंगर ओलांडायला क्राइस्टचर्चहून ग्रेमाउथपर्यंतची आगगाडी आहे. २२३ किलोमीटर, आणि सगळे दृश्य खिडकीतून.

सामानात लाडू जाणार नाहीत. तेथे मध नेता येत नाही, खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर जाहीर करावी लागते, न केल्यास ४०० डॉलर दंड. बुटांच्या तळव्याला माती असलेलीही चालत नाही. गेल्या रविवारी यजमान अंगणात बसून जुन्या बुटांच्या खाचांतली लाल माती दात घासायच्या ब्रशने काढत होते. तासभर लागला. मुलगा मदतीला उठला, तर त्यांनी त्याला दुसरा बूट दिला.

निघायला तीन आठवडे आहेत. क्राइस्टचर्चचा पहिला दिवस मी वहीत कोरा ठेवला होता. काल त्यात यजमानांनी पेन्सिलीने 'झोप' असे लिहिले आहे.