एक कळफलक, दोन संसार

आमच्या सिडकोतल्या घरात कामाचं टेबल एकच. दिवसा त्यावर मुलांची वह्या-पुस्तकं, संध्याकाळी ह्यांचा कॉम्प्युटर. ह्यांच्या हिशेबाच्या कामाला तो हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मीही चार तास का होईना, शाळेत मराठी शिकवते. प्रश्नपत्रिका मात्र टॅबच्या काचेवर एका बोटानं टिचक्या मारत करायच्या. चार ओळींच्या उताऱ्याला अर्धा तास! "रिकाम्या वेळात कर ना," असं सगळेच प्रेमानं सांगत. आता आपला रिकामा वेळ कोणता, हे मैत्रिणींनो, तुम्हाला का वेगळं सांगायला हवं?

दुसरा कळफलक घ्यावा, तर ठेवायचा कुठे? कॅनॉट प्लेसला चौकशी केली तेव्हा कळलं, एकच ब्लूटूथ कळफलक दोन-तीन यंत्रांना चालतो. लॉजिटेकच्या के-३८० वर तर त्यासाठी वरच्या ओळीत तीन कळाच आहेत. पहिली कॉम्प्युटरला दिली, दुसरी माझ्या टॅबला. जोडणी एकदाच करायची. कळ तीन सेकंद दाबून धरायची, टॅबच्या ब्लूटूथ यादीत नाव दिसलं की निवडायचं, पडद्यावर आकडे आले तर ते टाइप करून एंटर. पुढे नुसती कळ दाबली की झालं.

घेताना मात्र 'वायरलेस' एवढ्या शब्दावर भुलू नका. ब्लूटूथ नसलेला, नुसता इवलासा रिसीव्हर खोचायचा प्रकार असेल, तर रिसीव्हर जिथे खोचाल तिथेच तो चालणार. माउसचंही तसंच. शिवाय त्याची यंत्र बदलायची कळ वेगळी, पुष्कळदा पोटाखाली असते. दोन्ही बदलायला हवं, नाहीतर अक्षरं माझ्या टॅबवर आणि बाण ह्यांच्या ताळेबंदावर!

मराठीची गंमत निराळीच. कळफलक अक्षर पाठवतच नाही. कोणती कळ दाबली एवढंच कळवतो, अक्षर यंत्र ठरवतं. म्हणून मराठी दोन्हीकडे वेगवेगळी लावून घ्यावी लागते. मी इनस्क्रिप्ट मांडणी घेतली. स्वर नि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. इंग्रजी 'के'च्या कळेवर 'क', शिफ्ट धरून 'ख'. आठवडाभरात बोटं वळली.

सगळ्यात सोय कसली, तर ह्यांना फाइल बंद करायला सांगावं लागत नाही. ती उघडीच राहते, मी दुसरी कळ दाबते. रात्री नऊ ते दहा माझी पाळी, असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, महिनाअखेरीला "जरा थांब गं" सुरू झालंच. दोन दिवस मी थांबलेही. तिसऱ्या दिवशी सासूबाई पोथीतून मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या वाड्यात एका पाट्यावर चार बिऱ्हाडांची वाटणं व्हायची. पण पाळी कुणी मोडत नसे."

ह्यांनी मुकाट्यानं कळफलक माझ्याकडे सरकवला.

परवा नववीची प्रश्नपत्रिका पाऊण तासात झाली. उरलेली पंधरा मिनिटं मी काही कुणाला परत दिली नाहीत.